पायांतून ‘विष’ काढणारा टब : डिटॉक्स फूट बाथ घ्यावा का?

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधली आरोग्य शिबिरं, नौपाड्यातली पार्लरं, वाशी-नेरूळची वेलनेस सेंटरं, अशा अनेक ठिकाणी पाय मिठाच्या पाण्यात ठेवून शरीरातलं ‘विष’ काढून देण्याची ही सेवा मिळते. एका बैठकीचे काहीशे रुपये घेतात आणि लगेच दहा बैठकांचं पॅकेज पुढे करतात. नाव कुठलंही असो, यंत्र आणि पद्धत जवळपास सारखीच असते, म्हणून हे परीक्षण एका दुकानाचं नसून या सेवेचं आहे.

प्लास्टिकच्या टबात पाच-सहा लिटर कोमट पाणी घेतात. त्यात चमचा-दोन चमचे मीठ टाकतात आणि पायांच्या मध्ये धातूची एक कॉइल सोडतात. तिला ते ‘अ‍ॅरे’ म्हणतात. यंत्र डीसी करंट सोडतं, साधारण दोन अँपिअर. पाच मिनिटांत पाणी पिवळसर होतं, पंधरा मिनिटांत तपकिरी, आणि अर्ध्या तासाने गढूळ साका तरंगतो. मग भिंतीवरचा तक्ता दाखवतात : नारिंगी म्हणजे सांध्यांतलं विष, गडद तपकिरी म्हणजे यकृतातलं, हिरवट म्हणजे पित्ताशयातलं, काळे कण म्हणजे जड धातू.

पाणी खरोखर बदलतं. त्यात हातचलाखी नाही, आणि म्हणूनच ही सेवा इतकी पटते. प्रश्न एवढाच की रंग कुठून आला. कॉइलमध्ये लोखंड असतं. मिठाच्या पाण्यातून करंट गेला की धन टोकाचं लोखंड विरघळतं, ऋण टोकाशी हायड्रोजनचे बुडबुडे येतात, आणि विरघळलेल्या लोखंडाचा गंज होतो. किती, ते मायकेल फॅरडे यांच्या १८३०च्या दशकातल्या नियमाने काढता येतं : जितकी वीज वाहते, त्या प्रमाणात धातू विरघळतो. दोन अँपिअर गुणिले १,८०० सेकंद (अर्धा तास) म्हणजे ३,६०० कूलंब, म्हणजे तेवढा विद्युतभार. त्यात जास्तीत जास्त एक ग्रॅमच्या आसपास लोखंड विरघळतं. त्याचा दीड ते दोन ग्रॅम गंज होतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम लोखंड असलं तरी चव आणि रंग बिघडतो. इथे लिटरमागे दीडशेच्या वर मिलिग्रॅम आहे. टब काळपट दिसायला मानवी शरीराची काहीच गरज नाही.

तक्त्यातले रंगही लोखंडाचेच. ऑक्सिजन कमी पोचला तर हिरवट, पुरेसा मिळाला तर नारिंगी-तपकिरी, काही भाग काळा. वरचा पांढरा फेस म्हणजे गंजाच्या साक्यात अडकलेला हायड्रोजन, त्यात पायाचा साबण-तेल मिसळलेलं. स्विमिंग पूलसारखा वास येतो तो मिठातल्या क्लोराइडपासून सुटणाऱ्या क्लोरीनचा. कॉइल स्टेनलेस स्टीलची असेल तर निकेल आणि क्रोमियमही पाण्यात उतरतात. म्हणजे ‘जड धातू’ निघण्याऐवजी टबात पडत असतात. काही बैठकांनंतर कॉइल झिजते आणि बदलावी लागते. ती कुठे गेली, हे सेवा देणाऱ्याला जरूर विचारा.

आपल्या भागात पाण्यानेही फरक पडतो. नवी मुंबईच्या नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं. धरणाच्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे करंट कमी वाहतो आणि रंग फिका येतो, मग मीठ वाढवतात. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्षार जास्त असतील, तर तेवढ्याच मिठात रंग गडद. त्याच माणसाला दोन ठिकाणी दोन वेगळे ‘निदान’ मिळू शकतात. मिठाचा चमचा सेवा देणाऱ्याच्या हातात असतो, आणि बहुतेक वेळा तुमच्या तक्रारी तो आधीच विचारून घेतो.

पैसे भरण्याआधी एकच मागणी करा : तेवढंच पाणी, तेवढंच मीठ, तेवढंच तापमान आणि पाय न घालता अर्धा तास. यंत्रावर अँपिअरचा काटा असतो, त्यावर लक्ष ठेवा. मीठ कमी केलं तर करंट पडतो आणि पाणी स्वच्छ राहतं. तो पुरावा धरायचा नाही.

घरी करून बघायचं तर नऊ व्होल्टची बॅटरी, ग्लासभर पाणी, अर्धा चमचा मीठ आणि दोन साधे लोखंडी खिळे पुरतात. जस्ताचा मुलामा दिलेले चकचकीत खिळे नकोत, त्यांतून आधी पांढरा साका येतो. खिळ्यांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवा; ते एकमेकांना टेकले तर बॅटरी तापते. दहा-पंधरा मिनिटांत हिरवट, मग नारिंगी पाणी दिसेल. खिळ्यांऐवजी पेन्सिलीची शिसं लावली तर गंज येत नाही, पण क्लोरीन सुटतो, म्हणून खिडकी उघडी हवी. टबातलं पाणी ग्लासभर घेऊन त्यात चमचाभर लिंबूसत्त्व ढवळलं तर ताजा गंज विरघळून पाणी फिकट पिवळं होतं. फरशीवर मात्र सांडू देऊ नका, डाग पडतो.

२०१२ साली कॅनडात हीच तपासणी प्रयोगशाळेत झाली, आणि ती करणाऱ्यांत निसर्गोपचार महाविद्यालयाचे संशोधक होते. पाण्याचे, लघवीचे आणि केसांचे नमुने तपासूनही शरीरातून विषारी धातू बाहेर पडल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

अंगाऱ्या-धुपाऱ्यावर विश्वास नसलेला शिकलेला माणूसही इथे पैसे देतो, कारण इथे मीटर आहे, प्रयोग आहे आणि निकाल स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. फक्त तुलनेचा दुसरा टब नाही. शिवाय चाळिशीनंतर सांधे बहुतेकांचे दुखतातच, त्यामुळे तक्ता ‘अचूक’ वाटतो. लोकलच्या गर्दीतून आल्यावर अर्धा तास कोमट पाण्यात पाय ठेवून बसलं की बरं वाटतं हेही खरं, आणि कोणी आपल्या दुखण्याबद्दल सावकाश विचारतंय याचंही मोल असतं. तेवढं सुख घरच्या बादलीत मिळतं. शरीरातला कचरा गाळायचं काम मूत्रपिंडं करतात, रोज सुमारे १८० लिटर गाळून. तळपायाची जाड कातडी ती जागा घेऊ शकत नाही.

धोके मात्र खरे आहेत. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे टाळावं. मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली असेल तर पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि भाजतं. टब दोन ग्राहकांमध्ये जंतुनाशकाने धुतला जातो का ते पाहा. पायाला चीर किंवा जखम असेल तर बसूच नका. सगळ्यात वाईट म्हणजे ‘विष निघतंय’ म्हणून शुगरच्या किंवा बीपीच्या गोळ्या बंद करणं. तसा सल्ला मिळाला की तिथून उठा.

मधुमेह, रक्तदाब किंवा मुतखडा बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूचे उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली गुन्हा ठरते. तक्त्याचा आणि पत्रकाचा फोटो काढून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्या. पॅकेजचे पैसे अडकले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पावती दिली नसेल तर यूपीआयची नोंद पुराव्याला चालते.