लाळग्रंथीची गाठ: एफएनएसी की ट्रुकट?

कानाखाली किंवा जबड्याखाली गाठ लागली, सोनोग्राफी झाली, आता सुईची तपासणी सांगितली आहे. कुठली करायची? एफएनएसीत साधारण २२ ते २५ गेजच्या बारीक सुईने सुट्या पेशी ओढून काचपट्टीवर पसरतात. ट्रुकटमध्ये, म्हणजे कोअर बायोप्सीत, जाड सुई गाठीचा सलग तुकडा कापून आणते. त्यासाठी जागा बधिर करतात आणि सोनोग्राफीत बघत सुई नेतात, कारण पॅरोटिड या कानाखालच्या लाळग्रंथीतूनच चेहऱ्याची नस जाते.

माझं मत स्पष्ट आहे: बहुतेकांनी आधी एफएनएसी करावी. ओपीडीत काही मिनिटांत होते, खर्चही कमी. पॅरोटिडमधल्या बहुसंख्य गाठी साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या असतात, आणि त्यातल्या प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा किंवा वॉर्थिन ट्यूमर या नेहमीच्या गाठी सरावलेला पॅथॉलॉजिस्ट पेशींवरूनच ओळखतो. म्हणून सुई कोण घालणार यापेक्षा काचपट्टी कोण वाचणार, हे आधी विचारा.

जपायचं ते 'कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत' या रिपोर्टला. अनेक अभ्यास एकत्र केले तर एफएनएसी कर्करोग पकडते सुमारे ८० टक्के वेळा, ट्रुकट ९० टक्क्यांहून जास्त. पाणी भरलेल्या गाठीत तर सुईत नुसता द्रव येतो आणि सौम्य दर्जाचा म्युकोएपिडर्मॉइड कर्करोग निसटू शकतो. लाळग्रंथीच्या एफएनएसीचे रिपोर्ट वर्गवार लिहिण्याच्या २०१८च्या मिलान पद्धतीत अशा अपुऱ्या नमुन्यांसाठी 'नॉन-डायग्नोस्टिक' हा वेगळा वर्गच आहे. तो 'गाठ साधी' या अर्थाने वाचू नका.

एफएनएसी पुन्हा अपुरी आली, लिम्फोमाचा (लसीका पेशींच्या कर्करोगाचा) संशय असला, किंवा ऑपरेशन न करता थेट केमो-रेडिएशनचा विचार असला, तर ट्रुकट घ्यावी. तुकड्यात पेशींची रचना दिसते, आयएचसीसाठी, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखणाऱ्या खास रंगचाचणीसाठी, पुरेसा माल मिळतो. पण गाठीने आवरण भेदलं आहे का, हे ट्रुकटही खात्रीने सांगत नाही. ते पूर्ण गाठ काढल्यावरच कळतं.

'सुई लावली की पसरतं' ही भीती घरोघरी ऐकू येते. दोन्ही तपासण्यांत असं घडणं अगदी विरळ आहे, आणि त्यापायी तपासणी टाळणं मला धोक्याचं वाटतं. पॅरोटिडची गाठ वरून चिरून तुकडा घेणं मात्र शक्यतो टाळतात: गाठ फुटून पुन्हा उगवू शकते, नसेलाही इजा होऊ शकते.

ट्रुकटमध्ये सुईच्या जागी आत रक्तस्राव होऊन रक्त साकळण्याची शक्यता थोडी जास्त. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.