वाटप की संशोधन? देणगीचे दोन मार्ग

ठाण्यात गणपती-नवरात्र उरकले की मंडळांपुढे शिल्लक वर्गणीचा प्रश्न येतो. उत्तर बहुतेक ठरलेले: शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर वह्या, दप्तरे, ब्लँकेट. मदत लगेच मुलाच्या हातात पडते, हिशेबही चोख राहतो. तिचे मोल मी कमी मानत नाही.

दुसरा मार्ग संशोधनाचा. तो संथ, खर्चिक, आणि प्रयोग फसूही शकतो. पण गडचिरोली पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. तेवढ्यावर थांबले नाहीत. 39 गावांत हे काम, शेजारच्या 47 गावांत नाही, अशी तुलना करत जन्म-मृत्यूंची काटेकोर नोंद ठेवली. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हा पुरावा हाती होता म्हणून 2011 मध्ये ही घरपोच सेवा देशभरातल्या आशाताईंच्या कामात आली. कितीही वाटप केले तरी एवढी बाळे वाचली नसती.

माझ्या मते छोट्या मंडळाने वाटपच करावे. अभ्यास वर्षानुवर्षे चालवणे त्याला झेपणार नाही. ऐरोली-महापेतल्या मोठ्या कंपन्यांचे तसे नाही. कायद्याने नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात, त्यांनी दप्तरांसोबत एवढे तरी तपासायला पैसे द्यावेत: दप्तरे मिळालेली मुले पुढच्या वर्षी शाळेत टिकली का, वाचू लागली का?