चेरी श्रिंपची लाली: वाण निवडायचा की टँक बदलायचा?

चेरी श्रिंप (मत्स्यटँकमध्ये पाळतात त्या गोड्या पाण्यातल्या छोट्या लाल कोळंब्या) फिकट दिसत असतील, तर निवडक प्रजनन करावं, म्हणजे गडद श्रिंपपासूनच पिल्लं घ्यावीत, की टँकमध्ये बदल करावेत?

वेळेचं बघितलं तर टँक जिंकतो. पांढऱ्या वाळूवर फिकटलेला श्रिंप काळ्या तळावर काही दिवसांत गडद होऊ लागतो. निवडीत एका पिढीलाच तीन-चार महिने जातात.

टिकाऊपणात मात्र निवडीला तोड नाही. स्पिरुलिना (एक सूक्ष्म शैवाल) किंवा अ‍ॅस्टाझँथिन (लाल रंगद्रव्य) असलेल्या खाद्याने आलेली लाली पिल्लांकडे जात नाही; रंगद्रव्य किती दाट साठेल ही क्षमता मात्र पिल्लांकडे जाते. म्हणून पायांपर्यंत लाल असलेल्या माद्या ठेवा, पारदर्शक डाग असलेले श्रिंप दुसऱ्या टँकमध्ये हलवा. नर मुळातच फिकट असतात, त्यांची तुलना नरांशीच करा. पण निवड त्यांचीही हवीच, निम्मी जनुकं त्यांच्याकडून येतात. निळे, पिवळे, लाल एकत्र वाढवले की पुढच्या पिढ्यांत तपकिरी रानटी रंग डोकावतो, आणि तो कुठल्याही खाद्याने जात नाही.

कष्ट: टँकसाठी २२-२४ अंश तापमान, जीएच (पाण्याचा कठीणपणा) ६-८, आठवड्याला १०-१५ टक्के क्लोरीनमुक्त पाणी बदलणं, एवढं पुरतं. निवडीला दुसरा टँक आणि नियमित छाननी लागते. नुकत्याच आणलेल्या श्रिंपची छाननी लगेच करू नका, प्रवासाच्या ताणाने चांगला वाणही फिका पडतो.

एकच शोभेचा टँक असेल तर काळा तळ आणि स्थिर पाणी पुरेसं आहे. पिल्लं वाढवायची, इतरांना द्यायची असतील तर निवडच करा, तीही टँक स्थिरावल्यावर.