लॉनमोअर ब्लेनी: मासा उत्तम, पण नव्या टाकीसाठी नव्हे

कोल्हापुरात समुद्री टाकी ठेवणारे वाढत आहेत आणि दुकानांत हा मासा ‘शेवाळ साफ करणारा’ म्हणून विकला जातो. हे अर्धंच खरं आहे, आणि त्यापायी कितीतरी ब्लेनी उपासमारीने मरतात.

सॅलॅरियास फॅसिएटस हे त्याचं शास्त्रीय नाव. तांबड्या समुद्रापासून सामोआपर्यंतच्या उथळ प्रवाळ पठारांवर, भरपूर ऊन पोचणाऱ्या पाण्यात तो राहतो. अंगावर राखाडी-तपकिरी नक्षी आणि गडद पट्टे असल्याने शेवाळलेल्या खडकावर बसला की डोळे हलेपर्यंत दिसत नाही. पूर्ण वाढल्यावर सुमारे १४ सेंमी. बारीक, कंगव्यासारख्या दातांनी तो दगडावरचा शेवाळाचा पातळ थर आणि त्यात अडकलेला गाळ खरवडून खातो. लांब केसाळ शेवाळ किंवा लालसर साय तो संपवेल, या आशेवर घेऊ नका.

नव्या टाकीत आधी तपकिरी थर येतो आणि काही आठवड्यांत ओसरतो. मग माशाला खायला काही उरत नाही, आणि दाणे हे खाणं आहे हे त्याला लगेच कळत नाही. म्हणून टाकी किमान तीन-चार महिने मुरलेली, १२० लिटरच्या वर आणि भरपूर दगडांची हवी. सोबत नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पातळ पत्र्याचा) तुकडा रबराने दगडाला बांधून द्या.

दुकानात त्याला बाजूने पाहा. पोट खपाटीला गेलेलं असेल तर स्वस्त मिळाला तरी सोडा, असा मासा क्वचितच सावरतो. समोर खायला घालायला सांगा. दुकानाच्या टाकीची क्षारता विचारा, कारण मीठ वाचवायला ती काही ठिकाणी १.०१८-१.०२० वर (हे विशिष्ट गुरुत्वाचे आकडे, म्हणजे साध्या पाण्याच्या तुलनेत खारं पाणी किती जड ते) ठेवतात. थेट १.०२५ मध्ये सोडलात तर मासा खचतो. वेगळ्या टाकीत दुकानाइतक्याच क्षारतेवर ठेवून दिवसाला ०.००२ पेक्षा जास्त वाढवू नका.

आणखी एक गोष्ट आम्हाला आवर्जून सांगायची आहे. कोकण किनाऱ्यावरचा जिवंत प्रवाळ किंवा प्रवाळाचा दगड कुणी देऊ केला तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि मालवणच्या किनाऱ्यावर आधीच थोडा प्रवाळ उरला आहे. सिरॅमिकचे दगड पुरेसे चांगले मुरतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यामुळे आरओ-डीआयचंच (गाळणी यंत्रातून क्षार काढून शुद्ध केलेलं) पाणी वापरा. २० लिटरला साधारण ७५० ग्रॅम रीफ मीठ (समुद्री टाकीसाठीचं तयार मीठ) लागतं. मीठ पाण्यात घाला, मिठावर पाणी ओतू नका, नाहीतर कॅल्शियम खाली बसून पांढरा साका होतो. पॉवरहेड (पाणी ढवळणारा छोटा पंप) रात्रभर चालवा आणि रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता मोजणाऱ्या उपकरणाने) तपासा, पण आधी ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार असलेल्या) द्रावणावर त्याचं माप जुळवून घ्या.

एप्रिल-मेमध्ये खोली तापते आणि टाकी ३० अंशांवर गेली की पाण्यातला प्राणवायू घटतो. पृष्ठभागावर पंखा मारला तर दोन-तीन अंश उतरतात. मात्र बाष्पीभवनाने क्षारता चढते, तेव्हा रोज गोडं पाणी भरा. वीज गेल्यावर बॅटरीवरचा एअरपंप हवा.

आमचे गुण: मुरलेल्या टाकीत पाचपैकी साडेचार, नव्या टाकीत शून्य. एका टाकीत एकच ठेवा, दुसऱ्या ब्लेनीवर तो तुटून पडतो. वरचं झाकण जाळीचं आणि घट्ट हवं, घाबरला की तो उडी मारतो.