पाणीपुरवठा क्षेत्रातील नोकरी: सार्वजनिक संस्थेतील प्रकल्प अभियंता की सल्लागार कंपनीतील संकल्पन अभियंता?

पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात काम करायचे ठरवलेल्या तरुण अभियंत्यासमोर बहुधा दोन वाटा असतात. एक सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थेत प्रकल्प अभियंता होण्याची, दुसरी सल्लागार कंपनीत संकल्पनाचे, म्हणजे डिझाइनचे, काम करण्याची. दोन्हीकडे जलवाहिन्या, पंप आणि जलकुंभ तेच असतात. माझ्या मते खरा फरक काम आपल्या हातून केव्हा सुटते, यात आहे.

सल्लागाराकडे सर्वेक्षण, मागणीचा अंदाज, हायड्रॉलिक मॉडेल (वाहिन्यांतील प्रवाह आणि दाब यांचे संगणकावरील गणित), नकाशे, अंदाजपत्रक आणि निविदेची कागदपत्रे हे काम प्रामुख्याने असते, आणि ते सोपवले की बहुतेकदा पुढचा प्रकल्प हाती येतो. त्यामुळे थोड्या वर्षांत शुद्धीकरण केंद्रापासून उदंचन (पंपिंग) केंद्रापर्यंत अनेक प्रकारची कामे नजरेखालून जातात आणि आकडेमोडीवर हात लवकर बसतो. सार्वजनिक संस्थेत मात्र एकच प्रकल्प अनेक वर्षे सोबत राहतो. गरज मांडणे, जागा आणि परवानग्या मिळवणे, निविदा काढणे, कंत्राटदाराच्या कामावर देखरेख ठेवणे, देयके तपासणे, चाचण्या घेणे आणि शेवटी परिचालन विभागाकडे हस्तांतर करणे ही सगळी साखळी त्याच अभियंत्याला सांभाळावी लागते. यातला मोठा भाग पत्रव्यवहाराचा असतो, हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

नवी मुख्य जलवाहिनी जुन्या, चालू वाहिनीला जोडण्याचे काम पाहिले की हा फरक स्पष्ट होतो. नकाशात जुनी वाहिनी एका खोलीवर दाखवलेली असते. चाचणी खड्डा घेतल्यावर ती भलत्याच खोलीवर सापडते, बिडाच्या जुन्या पाइपचा बाहेरील व्यास नव्या जोडणीत बसत नाही, आणि जो व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायला हवा तो पाणी सोडतच राहतो. ६०० मिलीमीटर व्यासाच्या वाहिनीत १०० मीटर दाब, म्हणजे १०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब, असेल, तर काटकोनी वळणावर सुमारे ४० टनांचा रेटा येतो. तो पेलणाऱ्या थ्रस्ट ब्लॉकच्या, म्हणजे वळणाला आधार देणाऱ्या ठोकळ्याच्या, काँक्रीटला पुरेशी ताकद आली आहे की नाही, हे ठरवल्याशिवाय पाणी सोडता येत नाही. वाहिनी सावकाश भरावी लागते आणि एअर व्हॉल्व्हमधून हवा पूर्ण बाहेर जाऊ द्यावी लागते, कारण धातूच्या वाहिनीत प्रवाहाचा वेग सेकंदाला एका मीटरने अचानक बदलला तरी दाब सुमारे १०० मीटरने उसळू शकतो. त्यानंतर निर्जंतुकीकरण, धुलाई आणि पाण्याच्या नमुन्यांची तपासणी. सल्लागार हा क्रम कागदावर उत्तम लिहू शकतो. पण ठरलेली मुदत संपत आली असताना शटडाउन वाढवायचा की जोडणी पुढे ढकलायची, हा निर्णय संस्थेच्या अभियंत्याला खड्ड्याच्या काठावर उभे राहून घ्यावा लागतो, आणि तेवढा वेळ हजारो घरांचे नळ कोरडे असतात.

काळाकडे पाहण्याची दृष्टीही यातूनच बदलते. कंत्राटदाराचे दोषदायित्व, म्हणजे कामातले दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारी, मर्यादित मुदतीचे असते, तर जमिनीखालची वाहिनी अर्धशतकाहून अधिक काळ चालावी अशी अपेक्षा असते. म्हणून संस्थेतला चांगला अभियंता पंपाच्या खरेदी किमतीबरोबर त्याच्या आयुष्यभराच्या विजेचा हिशेब मांडतो, कारण सतत चालणाऱ्या पंपात वीजखर्च खरेदीच्या कित्येक पट होतो. आपण निवडलेला व्हॉल्व्ह काही वर्षांनी कसा वागतो, हे त्याला पाहायला मिळते. सल्लागाराला ते क्वचितच कळते. मला स्वतःला ही या नोकरीची सर्वांत मोठी कमाई वाटते.

पगार खासगी कंपनीत बहुधा कामगिरीनुसार लवकर वाढतो, सार्वजनिक संस्थेत श्रेणीनुसार संथपणे, पण स्थैर्य अधिक असते. खरेदीचे नियम आणि लेखापरीक्षण यांमुळे निर्णयांना वेळ लागतो. पैसा जनतेचा असल्याने ही काटेकोर पद्धत मला योग्य वाटते, तरी ज्याला दिरंगाई अजिबात सोसत नाही त्याची येथे घुसमट होईल. दुसरा धोका अधिक गंभीर आहे: संकल्पन बाहेरून करून घेण्याची सवय लागली की स्वतःचे गणित गंजते. यावर उपाय एकच, सल्लागाराचा अहवाल मंजूर करण्यापूर्वी निदान मुख्य वाहिनीचा व्यास आणि पंपाचा दाब स्वतः काढून पाहणे.

ज्यांना गणिताची आणि मॉडेलची मनापासून आवड आहे, त्यांनी सुरुवातीची काही वर्षे सल्लागाराकडे काढून मग सार्वजनिक संस्थेत यावे, असे मी सुचवेन. मुलाखतीच्या वेळी काही गोष्टी आवर्जून विचाराव्यात: प्रकल्प अभियंता कार्यान्वयनापर्यंत कामावर राहतो का, फुटलेल्या वाहिन्यांची नोंद संकल्पन करणाऱ्यांपर्यंत पोहोचते का, संस्थेचे हायड्रॉलिक मॉडेल अद्ययावत कोण ठेवते, आणि रात्रीच्या शटडाउननंतर विश्रांतीची सोय आहे का. या प्रश्नांना नेमकी उत्तरे मिळाली नाहीत, तर पदनाम काहीही असले तरी हाती मुख्यतः फायलींचेच काम येण्याची शक्यता अधिक आहे.