सीटखाली मावणारी बॅग, रविवार पेठ, १६५० रुपये

बॅग घेऊन पाच महिने झाले, आता लिहितीये. घेतल्या घेतल्या लिहिलेल्या रिव्ह्यूवर माझा विश्वास नाही, पहिल्या आठवड्यात सगळ्याच बॅगा चांगल्या असतात.

मी कोथरूडला राहते, ऑफिसच्या कामासाठी महिन्यातून एकदा बेंगळुरू नाहीतर दिल्ली असतं, दोन रात्री, फार तर तीन. इतकी वर्षं ट्रॉली घेऊन जायचे आणि काही वाटायचं नाही. मग धाकट्या बहिणीकडे डब्लिनला जायचं ठरलं आणि ती फोनवर म्हणाली, ताई, दोन दिवस एडिंबराला जाऊन येऊ, पण रायनएअर आहे हं, स्वस्तातली विमान कंपनी, फुकटात एकच छोटी बॅग, ती पण सीटखाली गेली पाहिजे, ४० बाय ३० बाय २०, सेंटीमीटरमध्ये, तुझं ते सुटकेस प्रकरण घरीच ठेव. मी उठून टेप आणली आणि माझी ऑफिसची सॅक मोजली तर उंचीच ४८ भरली.

मग शोध सुरू झाला. आधी मॉलमध्ये गेले. तिथे 'अंडरसीट' म्हणून एक गोंडस ट्रॉली दाखवली, चाकं, हँडल सगळं. घरची टेप पर्समध्ये होती म्हणून मोजली, तर चाकांसकट उंची ४४. सेल्समनचं म्हणणं की मॅडम चाकं धरायची नसतात. अहो, विमानात चाकं काय काढून ठेवायची? आणि रिकामी ट्रॉलीच सव्वादोन किलोची. आपल्याकडे इंडिगोला हँडबॅगेचं वजन ७ किलो चालतं, त्यातले सव्वादोन नुसत्या सांगाड्याला गेले तर कपडे कशात न्यायचे. दुसरी बॅग ऑनलाइन मागवली, त्यावर मोठ्या अक्षरात 'केबिन अप्रूव्हड' लिहिलेलं, आणि आली ती ४० लिटरची! हा शिक्का कोण मारतं देव जाणे, प्रत्येक एअरलाइनचं माप वेगळं आहे, त्यामुळे सगळीकडे चालेल असं अप्रूव्हल कोणी देऊच शकत नाही. तेव्हा साधा गुणाकार केला, ४० गुणिले ३० गुणिले २० म्हणजे २४ हजार घन सेंटीमीटर, म्हणजे २४ लिटर. रायनएअरचं हे माप आधी ४० बाय २५ बाय २० होतं, म्हणजे २० लिटर, ते २०२५ मध्ये वाढवलं. तिकडच्याच विझ एअरचं पण ४०, ३०, २० आहे. ईझीजेटवाले जरा उदार आहेत, ४५, ३६, २०, म्हणजे ३२ लिटर झाले. म्हणून मी ठरवलं की ४०, ३०, २० मध्ये बसणारी २४ लिटरचीच घ्यायची, ती या तिन्हीकडे चालेल. ४० लिटरवाली परत पाठवली.

नुसती टेप नेऊन भागत नाही हे मॉलमध्येच कळलं होतं. बॅग रिकामी असताना वीस सेंटीमीटर असते आणि भरली की पोट सुटतं. म्हणून मिक्सरचा जुना खोका होता तो कापून, सेलोटेप मारून आतून बरोबर ४० बाय ३० बाय २० चा एक उघडा खोका केला. नवरा म्हणाला, हे घेऊन तू पेठेत जाणार? गेले की. वनाजला मेट्रोत चढताना स्कॅनरपाशी सिक्युरिटीवालीने विचारलं यात काय आहे, म्हटलं काही नाही, रिकामा आहे, तर ती म्हणाली मग कशाला नेताय. याचं उत्तर द्यायला मागे लाईन फार होती. डिस्ट्रिक्ट कोर्टला बदललं, मंडईला उतरले आणि चालत गेले. (गाडी नेऊ नका. खरंच नेऊ नका.)

दुकान सोन्या मारुती चौकातून बोहरी आळीकडे वळलं की एका बोळात आहे. पाटीवरचं नाव निम्मं पुसलंय त्यामुळे नाव विचारू नका, बाहेर शाळेच्या दप्तरांची माळ टांगलेली असते आणि आत माळ्यावर छतापर्यंत बॅगा. काकांनी खोका बघून पहिलं वाक्य टाकलं, "काय ताई, देव्हारा बसवायचाय का?" मी सगळी कथा सांगितली आणि विचारलं की बॅग इथेच भरून बघू का, मी कपडे घेऊन आलीये. माझ्या हातात खरंच कापडी पिशवीत दोन रात्रींचं सामान होतं. मॉलमध्ये असं विचारलं असतं तर मॅनेजरला बोलावलं असतं त्यांनी. काका म्हणाले, भरा की, आणि काउंटरवरचं वहीबिही सगळं बाजूला केलं.

पाऊण तास गेला. दुकानातल्या बॅगांमध्ये कागदाचे बोळे कोंबलेले असतात ना, ते काढून माझे कपडे घालायचे, मग बॅग खोक्यात बसते का बघायचं. पहिलीला पुढे मोठा फुगीर कप्पा होता, ती गेलीच नाही. दुसरी कडक, आतून प्लॅस्टिकचा पत्रा असल्यासारखी, एक सेंटीमीटरने अडली आणि कडक असल्यामुळे दाबून पण बसेना. इथे काका जे म्हणाले ते मला फार पटलं, की बॅग मऊ पाहिजे पण आकार चौकोनी पाहिजे, गोल डोक्याच्या सॅकचे वरचे दोन्ही कोपरे फुकट जातात. खरंच आहे, आपण पैसे उंचीचे देतो आणि वरचं निम्मं हवेला. तिसरी बसली पण तिची चेन नुसती वरून अर्ध्यापर्यंत उघडत होती, म्हणजे खालचा कपडा काढायचा तर सगळं उपसा. चौथी घेतली. काळी, मॅटी कापडाची, तिन्ही बाजूंनी उघडून पुस्तकासारखी पसरते, मागे लॅपटॉपचा वेगळा कप्पा. रिकामी ८२० ग्रॅम, घरी किचनच्या काट्यावर मोजली.

काकांनी बॅग कशी बघायची ते पण शिकवलं, माझ्याकडून त्याचे काही घेतले नाहीत. चेनच्या रनरच्या मागे आकडा कोरलेला असतो, ५, ८, १० असा. मोठ्या कप्प्याला ८ चा तरी पाहिजे, ५ चा पुढच्या खिशाला ठीक. पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथे चौकोन आणि आत फुली अशी शिलाई आहे का बघायचं, नुसती एक आडवी टीप असेल तर सोडून द्यायची. बॅग उलटी करून आतल्या शिवणीवर पायपिंग, म्हणजे कडेला शिवलेली कापडी पट्टी, आहे का बघायचं, नाहीतर कापडाचे दोरे सुटतात आणि चेनमध्ये अडकतात. हे सगळं मला बेचाळिसाव्या वर्षी कळतंय, इतकी वर्षं मी रंग बघून बॅगा घेतल्या.

किंमत २१०० सांगितली, १६५० ला दिली. यूपीआय चालतं. बिल मागितल्यावर मिळतं.

आता भरायचं कसं, ते सांगते. पाच महिन्यांत माझं असं बसलंय की सगळ्यात जड आणि जाड ते अंगावर घालायचं. जीन्स, बूट, जॅकेट अंगावर. आत तीन कॉटनचे कुर्ते, एक लेगिंग, रात्रीचे कपडे, आतले कपडे, आणि सपाट चपला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तळाशी. कुर्त्यांची सुरळी करायची असं सगळे सांगतात, मी पण करायचे, पण या बॅगेत मला घडीच बरी वाटते, कारण सुरळ्या लावल्या की मध्ये फट राहते आणि बॅग गोलगोल होते, घड्या घालून कापडी पाऊचमध्ये सपाट ठेवल्या की जाडी २० च्या आत राहते. लॅपटॉप शेवटच्या क्षणी घालायचा. म्हणजे सिक्युरिटीला ट्रेमध्ये काढताना बाकी संसार बाहेर येत नाही. शाम्पू, बॉडीवॉश बंद केलं, साबणाची वडी घेऊन जाते, ती द्रव पदार्थात येतच नाही. आपल्याकडून आंतरराष्ट्रीय फ्लाईटला जाताना १०० मिलीपेक्षा मोठी बाटली हँडबॅगेत चालत नाही आणि ते बाटलीवर छापलेलं माप बघतात, आत किती उरलंय ते नाही. माझी २०० मिलीची तेलाची बाटली, तळाला चार चमचे तेल, मुंबईला कचऱ्यात गेली.

पॉवरबँक पुढच्या खिशात, वर. तो चेक-इनमध्ये टाकताच येत नाही, केबिनमध्येच न्यावा लागतो, १०० वॉट-अवरपर्यंत विना परवानगी चालतो. वीस हजार एमएएचचा नेहमीचा असतो तो साधारण ७४ भरतो, त्यामुळे काळजी नाही. पण गेटवर कधी ट्रॉल्या खाली लगेजमध्ये टाकायला घेतात ना, तेव्हा लोकांची पॉवरबँक काढायची जी धांदल उडते ती मी आता खिडकीशी बसून बघते.

आणि खाऊ. पुण्याहून बहिणीकडे जायचं आणि बाकरवडी न्यायची नाही असं होत नाही. ती चेक-इनच्या बॅगेत टाकली तर पोचेपर्यंत भुगा, म्हणून अर्ध्या किलोचं पाकीट या बॅगेत सगळ्यात वर. मेतकूट पण होतं. सिक्युरिटीच्या जवानाने पाकीट वर धरून विचारलं ये क्या है, मी म्हटलं दाल का पाउडर, चावल के साथ खाते हैं. त्याने वास घेतला आणि परत ठेवलं. चेहऱ्यावरून आवडलेलं दिसत नव्हतं.

सगळं मिळून ६.४ किलो.

विमानातला अनुभव. डब्लिनहून निघताना गेटवर बॅगेचं माप बघायचा तो लोखंडी सांगाडा ठेवलेला होता, माझ्या पुढच्या मुलाला बॅग घालून दाखवायला लावली, मग मला. बाजूच्या जाळीतली पाण्याची बाटली काढली आणि बॅग आत गेली, बाहेर पण आली, हे महत्त्वाचं, कारण त्या मुलाची बाहेर येत नव्हती. तिथे न बसल्याचा जो दंड आहे त्यात माझ्यासारख्या दोन तरी बॅगा आल्या असत्या.

इकडच्या फ्लाईटमध्ये खरं तर इतक्या छोट्या बॅगेची सक्ती नाही, इंडिगोला ५५ बाय ३५ बाय २५ ची एक आणि शिवाय पर्स किंवा लॅपटॉपची छोटी बॅग ३ किलोपर्यंत चालते. तरी आता मी हीच नेते. वरचा कप्पा भरला की काय याचं टेन्शन नाही, उतरताना कोणाच्या डोक्यावरून ओढायचं नाही. दुपारची फ्लाईट असेल तर मेट्रोने रामवाडी, पुढे रिक्षा. पहाटेच्या फ्लाईटला ते जमत नाही, मेट्रोच सहाला सुरू होते. येताना लोहगाव विमानतळावर पार्किंगच्या एरोमॉलपर्यंत कॅबसाठी चालायचं असतं, तेव्हा ट्रॉली ओढणाऱ्यांच्या पुढे निघून जायला बरं वाटतं, खोटं कशाला बोला.

एकदा फसले मात्र. पाय पसरायला मिळतील म्हणून जादा पैसे देऊन पहिल्या रांगेची सीट घेतली. तिथे पुढे सीटच नसते! म्हणजे सीटखाली ठेवायची बॅग वर ठेवावी लागते, आणि तोवर वरची जागा भरली होती म्हणून एअर होस्टेसने ती नेऊन पाच रांगा मागे ठेवली. उतरताना पहिल्या रांगेतली मी सगळे जाईपर्यंत उभी. इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत पण टेकऑफ-लँडिंगला पायाशी काही ठेवू देत नाहीत. आणखी एक, पायाशी बॅग म्हणजे पायांची जागा जाते, मी पाच फूट दोन इंच आहे म्हणून चालतं, नवरा सहा फुटी आहे, तो एकदा ही बॅग घेऊन दिल्लीला गेला आणि येऊन दोन दिवस गुडघे दाखवत होता.

बॅगेच्या तक्रारी पण आहेत. बाटलीची जाळी बाहेर आहे असं वाटतं पण बाटली घातली की ती आतल्या जागेत शिरते, कुर्ता दाबला जातो. पुढच्या खिशात चार्जर आणि चष्म्याचं घर दोन्ही ठेवलं की बॅगेची जाडी २० ची २४ होते, म्हणजे तो खिसा कागदपत्रांपुरताच समजा. बॅग स्वतःच्या पायावर उभी राहत नाही, लॅपटॉप काढला की तोंडावर पडते. खांद्याचा फोम पातळ आहे, सहा किलो घेऊन अर्धा तास चाललं की कळतं. छातीवरून लावायचा पट्टा नाहीये, तो असता तर बरं झालं असतं.

आणि दुसऱ्याच महिन्यात मोठ्या कप्प्याचा रनर घसरायला लागला, चेन लावली तरी मागून उघडी. गेले दुकानात, म्हटलं काका, आठ नंबर म्हणाला होतात ना? त्यांनी पक्कड घेऊन रनर दोन्ही बाजूंनी दाबला, मेणबत्ती घासली, दोन मिनिटांत झालं, पैसे नाही घेतले, वर मलाच ऐकवलं, "ताई, बॅग भरल्यावर गुडघा ठेवून चेन ओढता ना तुम्ही?" ओढते. तेव्हापासून व्यवस्थित आहे. रेनकव्हर मात्र बॅगेबरोबर येत नाही, वेगळे १२० घेतात, पावसाळ्यात टू-व्हीलरवर बॅग न्यायची असेल तर तेव्हाच घ्या.

खोका मी पहिल्या दिवशीच तिथे ठेवून आले होते, काका म्हणाले राहू दे, गिऱ्हाइकांना दाखवायला होईल. मागच्या महिन्यात वहिनीसाठी बॅग घ्यायला गेले तर काउंटरखाली होता, त्यात दुकानातली मांजर झोपलेली, एक बाजू पार चेपलेली. मोजला तर कुठे २८, कुठे ३१ भरतोय. तेव्हा जाणार असाल तर आपली टेप घेऊन जा.