सिंहस्थाचा इतिहास ऑनलाइन शोधताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचं मत

पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय, त्यामुळे नाशकात सध्या रस्ते, घाट आणि साधुग्राम सोडून दुसरा विषय नाही. मी मात्र मागच्या सिंहस्थांत अडकलोय, तेही इंग्रजी अमलातल्या. यात्रेकरूंची सोय कोण बघायचं, पटकीची (कॉलऱ्याची) साथ पसरली की सरकार काय करायचं, १८६४ साली स्थापन झालेली नगरपालिका एवढ्या गर्दीला पैसा कुठून आणायची, असे प्रश्न. माझा धंदा हिशेबतपासणीचा. विद्यापीठाशी संबंध पदवीपुरता, तोही जुना. म्हणजे कॉलेजचं लॉगिन नाही, गाइड नाही, ग्रँट नाही. ज्यांची अवस्था अशीच आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. प्राध्यापक मंडळींना यात नवीन काही मिळणार नाही.

आधी मत सांगून टाकतो. शोधखिडकीत शब्द टाकून जे मिळतं ते फार थोडं असतं. खरा माल मिळतो तो दुसऱ्याच्या तळटिपा धरून मागे मागे गेल्यावर. मी वापरलेल्या साधनांना मी याच एका कसोटीवर गुण देतो: तळटीप हातात आहे, तर हे साधन मला मूळ कागदापर्यंत नेतं का?

या कसोटीवर शोधगंगा पहिली. आपल्या विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट आहेत आणि प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफ फायलींत आहेत. लोक प्रस्तावना उघडतात, पहिली चार पानं वाचतात आणि कंटाळून बंद करतात. उलटं करा. संदर्भसूचीची फाइल आधी उतरवून घ्या. प्रबंध सुमार असला तरी चालेल. त्या माणसाने कुठल्या दफ्तरखान्यात कुठल्या विभागाचे खंड चाळले हे त्या सूचीत लिहिलेलं असतं, आणि तेवढंच आपल्याला हवं असतं. ‘जी. डी.’ दिसलं की तो मुंबई सरकारचा जनरल डिपार्टमेंट, पुढे साल, मग खंड, मग ‘कॉम्प.’ म्हणजे कंपायलेशनचा, एकत्र लावलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा नंबर. हा पत्ता घेऊन मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात मागणीपत्र भरता येतं. मराठीत लिहिलेल्या प्रबंधांचा मात्र वेगळा ताप आहे. पुष्कळसे जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले असतात. डोळ्यांना अक्षर दिसतं, पण आतला मजकूर शोधता येत नाही. ते पान पान उलटूनच वाचावे लागतात.

लेखांसाठी जेस्टोर, म्हणजे संशोधन-नियतकालिकांचे अंक साठवणारं संकेतस्थळ. वैयक्तिक खातं फुकट उघडता येतं आणि महिन्याला १०० लेख पडद्यावर वाचता येतात. नोकरीधंदा सांभाळून वाचणाऱ्याला एवढे पुरून उरतात. पटकी आणि वसाहती सरकार यांवरचा डेव्हिड अर्नोल्ड यांचा १९८६चा लेख मी तिथेच वाचला, आणि माझा अर्धा विषय त्या लेखाच्या तळटिपांनी उभा राहिला. यात्रा हा धर्माचा विषय म्हणून सरकारला हात घालायचा नव्हता, आणि साथीचा विषय म्हणून घालावाच लागत होता; ही ओढाताण एकदा समजली की नाशिकचे कागद वेगळे दिसायला लागतात. अगदी ताजे लेख तिथे लगेच येत नाहीत, बऱ्याच नियतकालिकांचे अलीकडचे काही वर्षांचे अंक मागे ठेवलेले असतात. ते गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या संशोधन-लेख शोधायच्या खिडकीत बघायचे. तिथे लेखाच्या नावाखाली तो लेख पुढे कोणीकोणी उद्धृत केला याची यादी असते, शिवाय त्याच लेखाच्या सगळ्या प्रतींची वेगळी कडी असते. एखादी प्रत लेखकाने स्वतःच फुकट ठेवलेली असते. आधी तिथे बघा, मगच पैसे भरायचा विचार करा.

आता मूळ साधनं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी गंमत इथेच आहे.

इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ऑनलाइन ग्रंथसंग्रहात १८८३च्या नासिक गॅझेटिअरचा (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाचा), म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालेतल्या सोळाव्या खंडाचा स्कॅन आहे. नाशिकवर काम करणाऱ्याने तो फोनमध्ये बाळगावाच. लोक त्यातला वर्णनाचा मजकूर उचलतात. मी त्याच्या खालच्या बारीक टायपातल्या टिपा वाचतो. लेण्यांवरच्या मजकुराला शिलालेखांचे जाणकार भगवानलाल इंद्रजी यांचा हात लागलेला आहे, त्यामुळे तो भाग आजही अभ्यासकाला टाळता येत नाही. शोधताना एक लक्षात ठेवा: इंग्रजी अक्षरांत आजचं सरकारी ‘नाशिक’ टाकलंत तर जुन्या कागदांतलं जवळजवळ काही सापडणार नाही. तिथे मधला ‘एच’ नाही. त्याहून जुन्या कागदांत दोन ‘एस’ आणि शेवटी ‘सी-के’. त्र्यंबकचे तर विचारूच नका. आणि ‘कुंभ’ टाकून काय मिळणार? कारकुनाने फाइलवर ‘फेअर’ लिहिलंय, नाहीतर ‘पिलग्रिम्स’, नाहीतर नुसतं ‘सॅनिटेशन’. म्हणून आपल्या डोक्यातला शब्द बाजूला ठेवून त्या टेबलावरचा शब्द टाकायचा.

अभिलेख पटल हे राष्ट्रीय अभिलेखागाराचं पोर्टल. नोंदणी फुकट. काही फायलींना स्कॅन जोडलेलं आहे, काहींची नुसती नोंद आहे. होम डिपार्टमेंटच्या सॅनिटरी शाखेचे कागद बघताना ‘ए’, ‘बी’ आणि ‘डिपॉझिट’ असे वर्ग दिसतील. ‘ए’ म्हणजे महत्त्वाचं, छापलेलं; ‘बी’ नेहमीचं; ‘डिपॉझिट’ म्हणजे ठेवून दिलेलं. नवखा माणूस ‘ए’वर खूश होतो. मी म्हणेन ‘के. डब्ल्यू.’ दिसतंय का बघा. ते ‘कीप-विथ’, फाइलीसोबत ठेवलेले अंतर्गत शेरे. छापील ठरावात सगळं गोडीगुलाबीचं असतं. शेऱ्यांत एक साहेब दुसऱ्या साहेबाचा मसुदा खोडताना दिसतो, खर्च कुणाच्या माथी मारायचा यावरून हुज्जत दिसते. हिशेबतपासनीस माणसाला यापेक्षा वाचनीय काय असणार!

साथींसाठी एक अनपेक्षित ठिकाण म्हणजे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ब्रिटिश हिंदुस्थानच्या वैद्यकीय इतिहासाचा डिजिटल संग्रह. पटकी, प्लेग, देवी, लसीकरण यांवरचे सरकारी अहवाल तिथे फुकट आहेत आणि मजकुरात शोधताही येतात. आपल्या जिल्ह्याचे आकडे एडिंबरोहून काढायचे, हा योग आहे खरा.

पेशवाईत शिरलात की गोष्ट बदलते. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड आणि वाडांनी पेशव्यांच्या रोजकीर्दींतून (रोजच्या नोंदवह्यांतून) काढलेले उतारे यांचे स्कॅन मिळतात, पण पुस्तकांची नावं रोमन लिपीत कशीही लिहिलेली असतात. एका स्पेलिंगने नाही मिळालं तर दुसऱ्याने, तिसऱ्याने बघायचं, किंवा संपादकाच्या आडनावाने. त्यात परत वर्षांचा घोळ. कागदांवर सुहूर सन असतो, तोही अरबी आकडेशब्दांत. ‘तिसैन मया व अलफ’ म्हणजे ११९०. त्यात ५९९-६०० मिळवले की १७८९-९०. वर्ष मृगाला सुरू होतं, जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणून एप्रिलचं पत्र आणि जुलैचं पत्र वेगवेगळ्या सालांत जातं. आणि मुद्रित खंड म्हणजे निवडलेले कागद. न निवडलेले पुण्याला पेशवे दफ्तरात मोडीत आहेत. मोडी येत नसेल तर तिथे इंटरनेटचा उपयोग शून्य.

१७८९ मुद्दाम घेतलं. त्या सिंहस्थात बैरागी आणि संन्यासी यांच्यात झालेल्या मारामारीत १२,००० साधू मेले, हा आकडा सगळीकडे फिरतो. तळटिपा धरून मागे गेलात तर लेखांमागून लेख एका ताम्रपटाच्या उल्लेखापाशी येऊन थांबतात. म्हणून ताम्रपटाचा पूर्ण पाठ समोर असल्याशिवाय मी तो आकडा ‘सांगितला जातो’ असाच लिहितो. फेसबुकवर यावरून माझ्याशी वाद घालणाऱ्यांना मी फक्त संदर्भ विचारतो. मग चर्चा आपोआप संपते.

तक्रारीही आहेत. एका पोर्टलवर पन्नास पानांची फाइल बघता बघता दर थोड्या वेळाने लॉगआउट व्हायचं आणि परत पहिल्या पानापासून सुरुवात. एका कचेरीत, पत्र घेऊन गेलो तरी ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ यात दुपार गेली आणि शेवटी कागद जीर्ण आहे म्हणून मिळाला नाही. एआयला संदर्भ विचारून पाहिले, तर एका झकास शीर्षकाचा लेख मिळाला, खंड आणि पृष्ठांकासकट. त्या नियतकालिकाच्या त्या पृष्ठांवर भलताच लेख होता. तेव्हापासून यंत्राकडून मी फक्त इंग्रजी उताऱ्याचा अर्थ विचारतो, संदर्भ नाही.

मराठी वर्तमानपत्रांची बाजू सगळ्यात लंगडी. मुंबई सरकार देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी सारांश दर आठवड्याला छापायचं, ते अहवाल उपयोगी आहेत. पण त्यांत सरकारला जे खुपलं तेच आलेलं आहे. सोय झाली, यात्रा नीट पार पडली, असं लिहिणारा वार्ताहर त्यात कशाला सापडेल? त्यासाठी शेवटी सार्वजनिक वाचनालयाची पायरी चढावी लागते. सावाना (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) १८४०पासूनची संस्था आहे; जुन्या पुस्तकांचं नाव, साल आणि प्रकाशक कागदावर लिहून नेलंत तर काम लवकर होतं.

रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या तर मला कुठल्याच पोर्टलवर दिसल्या नाहीत. गावोगावच्या यात्रेकरूंच्या सह्या, तारखा, कुळं, सगळं त्यात आहे. आमच्या गावचे उपाध्ये आमच्या घराण्याचं पान आनंदाने दाखवतात. दुसऱ्याचं पान मागितलं की वही मिटतात, आणि ते बरोबरच आहे. त्या घरातल्या कुणाला तरी सोबत न्यायचं. माझे दोन मित्र तयार आहेत, पितृपक्षाची गर्दी ओसरली की जाणार आहोत.